पत्रकातले गाव

हलका धान कापून झाला, बांधीत पुंजणे रचले गेले की पूर्व विदर्भातल्या पानठेल्यांवर, किराणा दुकानांच्या दारांवर, एसटीच्या थांब्यांवर एक कागद चिकटलेला दिसू लागतो. पातळ, गुलाबी नाहीतर पिवळा, मागच्या अंगाने शाई झिरपलेली. वर मधोमध गणपतीचा किंवा नटराजाचा ठसा. त्याखाली मंडळाचे नाव, मग गाव, तालुका, जिल्हा. 'मंडईनिमित्त' किंवा 'शंकरपटानिमित्त' असा आडवा पट्टा; मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. मग कागदावरच्या सगळ्यांत मोठ्या अक्षरांत नाटकाचे नाव, पुढे उद्गारचिन्ह. नट-नट्या, लेखक, दिग्दर्शक, ऑर्गन कोण वाजवणार, तबल्यावर कोण, तिकिटाचे दर. एवढ्यात कागदाचा वरचा अर्धा भाग संपतो. खालच्या अर्ध्या भागात नुसती नावे असतात : उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, मंडळाचे पदाधिकारी, सदस्य आणि शेवटी 'समस्त गावकरी'. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापखान्याचे नाव आणि गाव. त्या जागी अनेकदा 'वडसा' किंवा 'देसाईगंज' असते.

झाडीपट्टीच्या नाटकाचे हे पत्रक. लोक त्याला पाम्प्लेट म्हणतात. छापील शब्दाने समाज कसा जोडला, याची चर्चा निघाली की आपण 'दर्पण', 'केसरी', 'मूकनायक' यांच्याकडे वळतो आणि ते योग्यच आहे. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात, जिथे कित्येक गावांना वर्षानुवर्षे रोजचा पेपर पोहोचतच नव्हता, तिथे छपाईचे हे काम मोठ्या प्रमाणावर या चिटोऱ्याने केले. वृत्तपत्र शहरातून गावाकडे येते. पत्रक गावाकडून गावाकडे जाते. या आडव्या प्रवासाची दखल छपाईच्या इतिहासाने फारशी घेतलेली नाही, म्हणून हा लेख.

वडसा वैनगंगेच्या काठी आहे. नदीच्या एका अंगाला गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी तालुका. कागदोपत्री शहर आणि तालुका देसाईगंज, स्टेशन मात्र वडसा, आणि लोकांच्या तोंडीही वडसाच. गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाणारी गाडी इथे थांबते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने टाकलेली ही छोटी लाइन पुढे मोठी झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वेचे हे एकच स्टेशन आले. वडसा ते गडचिरोली या बावन्न किलोमीटरच्या लाइनची वाट जिल्हा कित्येक वर्षे पाहतो आहे.

रेल्वे, नदीवरचा पूल आणि चारी जिल्ह्यांकडे फुटणारे रस्ते यांमुळे वडसा झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे झाले. नाटक कंपन्यांची कार्यालये इथे ओळीने आहेत. पावसाळा ओसरला की गावोगावच्या मंडळांची माणसे इथे येतात, फलक वाचत फिरतात, कोणती कंपनी कोणते नाटक देते, नटी कोण, विनोदी पात्र कोण, याची चौकशी करतात, तारीख मागतात आणि बयाना देतात. नागभीड, सिंदेवाही, नवरगाव याही जागा या रंगभूमीत मानाच्या आहेत, पण तारखांचा बाजार भरतो तो वडशात. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे प्रयोग लागलेला असतो. दिवसा शंकरपट किंवा मंडई, रात्री नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. आधी दंडार होती, खडी गंमत होती. या लोकनाट्यांच्या मांडवात संगीत नाटक शिरले. पुण्या-मुंबईत छापलेली नाटकांची पुस्तके गावच्या हौशी मंडळांच्या हाती पडली आणि शेतात राबणारी माणसे रात्री राजाची भाषणे पाठ करू लागली. म्हणजे या रंगभूमीच्या बुडाशीही छापील पुस्तकच आहे. वडशाला लागून असलेल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची नोंद दिल्लीने घेतली. झाडीपट्टीच्या लोकांनी त्यांचे नाव कितीतरी आधीपासून पत्रकांवर वाचले होते.

पत्रकाआधी दवंडी होती. कोतवाल हलगी वाजवत गल्लीतून जाई आणि गावाचे काम गावाला कळे. दवंडीची अडचण अशी की ती शिवेपाशी थांबते आणि उच्चारली की विरून जाते. शेजारच्या गावाला सांगायचे तर माणूस पाठवावा लागे, आणि माणसासोबत निरोपही बदले. छापील कागद बदलत नाही. पाच कोसांवरच्या मावशीकडे, तिथून तिच्या नणंदेच्या गावी, बाजाराच्या दिवशी पिशवीतून, एसटीच्या वाहकाच्या हातून तो जातो आणि सगळीकडे तारीख तीच सांगतो. जंगलात विखुरलेल्या वस्त्यांसाठी ही लहान गोष्ट नव्हती. मंडई आणि नाटकाच्या निमित्ताने पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. हे सगळे नेमके कोणत्या रात्री होणार, ते शेकडो घरांना एकाच वेळी कळवणारे दुसरे साधन नव्हते.

आता हा कागद छापायचा कसा, ते पाहू. कारण त्याचा चेहरा यंत्राने घडवला आहे.

ऑफसेट येण्याआधी लहान गावांतले छापखाने खिळ्यांवर चालत. लाकडी केस, तिला शंभरावर घरे, प्रत्येक घरात शिशाचे खिळे. देवनागरीचा जुळारी रोमन लिपीच्या जुळाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त हात चालवतो : अक्षर वेगळे, काना वेगळा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे वेगळी. मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना जे वळण दिले, ते महाराष्ट्रभरच्या डोळ्यांना सुबक अक्षराचे माप म्हणून बसले. तालुक्याच्या छापखान्यात मात्र खिळे वर्षानुवर्षे झिजत. जुळारी डाव्या हातात स्टिक धरतो, उजव्या हाताने खिळे वेचतो आणि ओळ उलटी वाचत जातो. ओळी गॅलीत उतरतात, सुतळीने बांधल्या जातात, प्रूफ निघते, चुका चिमट्याने उपसल्या जातात, मग सगळा मजकूर लोखंडी चौकटीत ठोकून घट्ट बसवायचा. नाटकाच्या नावासाठी लागणारी मोठी अक्षरे लाकडाची, कारण तेवढे शिसे जड आणि महाग. ती अक्षरे एकेकच असत, म्हणून नाटकाच्या नावात एखादे अक्षर दोनदा आले की जुळाऱ्याची पंचाईत. साठ पाहुण्यांच्या पत्रकाला साठ 'श्री' लागतात. घरातले 'श्री' संपले की दुसऱ्या मापाचे घालून भागवायचे. जुन्या पत्रकांत एकाच रांगेतली अक्षरे लहानमोठी दिसतात, ती या टंचाईमुळे. मजकूर देणारा मात्र त्यातून वेगळा अर्थ काढू शकतो. अमक्याचा 'श्री' मोठा आणि माझा बारीक का, हा प्रश्न गावात हलका नसतो.

मग ट्रेडल. पायाने किंवा मोटरीने फिरणारे मोठे चाक, वर शाईची गोल तबकडी, तिच्यावरून खाली येऊन मजकुराला शाई पाजणारे रोलर. दोन पाट उघडतात आणि मिटतात. मधल्या क्षणात उजव्या हाताने कोरा कागद ठेवायचा आणि डाव्या हाताने छापलेला काढून घ्यायचा. हात चुकला तर बोटे गेली. सराईत माणूस तासाला हजाराच्या आसपास छाप काढतो. एका गावाच्या पत्रकांना तेवढे पुरे होते. हजार-दोन हजार प्रतींत गाव आणि आसपासची दहा-पंधरा गावे भागतात. म्हणजे ट्रेडलचा एका-दोन तासांचा पल्ला आणि नाटकाच्या प्रेक्षकांचा घेर एकमेकांना जुळून आला. त्यापेक्षा मोठे यंत्र इथे परवडले नसते, आणि लहान साधनाने एवढी गावे गाठता आली नसती. कागद सर्वांत स्वस्त वापरायचा, रंगीत घ्यायचा म्हणजे एका शाईतही पत्रक उठून दिसते. पिवळ्यावर लाल, गुलाबीवर निळी. दोन रंगांची ऐपत असेल तर चौकट दोनदा चढवायची आणि नाटकाचे नाव वेगळ्या शाईत घ्यायचे.

हंगाम नाटकाचाच असतो असेही नाही. याच यंत्रावर लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड, पावती पुस्तके, निवडणुकीची पत्रके, धम्मपरिषदेची आणि भागवत सप्ताहाची निमंत्रणे निघतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांचे जाळे या भागात दाट आहे. त्यांचे सप्ताह, त्यांच्या पुण्यतिथ्या, १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'ग्रामगीते'च्या वाचनाचे कार्यक्रम, यांनीही छापखान्याचे पोट भरले. एका टेबलावर लागोपाठ बसणारी ही गिऱ्हाइके एरवी एका ओट्यावर बसतीलच असे नाही. छापखान्याच्या बाकड्यावर प्रूफ तपासायला मात्र ती शेजारी-शेजारी बसतात आणि एकमेकांचे शुद्धलेखनही सांगतात.

पत्रकाचा खालचा अर्धा भाग मला वरच्या भागापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या माणसाला ती नावांची जत्रा हास्यास्पद वाटू शकते. एका नाटकाला इतके उद्घाटक कशाला, असे कोणीही विचारील. पण ती यादी तयार करण्यासाठी मंडळाची बैठक बसते, ती कधीकधी नाटक ठरवायच्या बैठकीपेक्षा लांबते. सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीचे अध्यक्ष ही ठरलेली नावे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली आणि तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाला एक ओळ मिळाली. १९९३ च्या पंचायत राज घटनादुरुस्तीनंतर महिला मोठ्या संख्येने सरपंच होऊ लागल्या आणि उद्घाटकांच्या रांगेत 'सौ.' आणि 'श्रीमती' लागू लागले. त्यांच्यामागोमाग बचत गटाच्या अध्यक्षा आल्या. त्याआधी त्या रांगेत बाईचे नाव येण्याला फारसे कारण नव्हते. सत्ता कोणाकडे सरकते आहे, याची इतकी बारीक नोंद गावाच्या दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडणार नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात फक्त निवडून आलेले असतात. पत्रकात ज्यांना मान द्यावाच लागतो असे सगळे असतात.

जातीचा प्रश्न इथे येतोच. कोहळी, कुणबी, तेली, माळी, ढिवर, गोवारी, बौद्ध, गोंड, हलबा अशी वस्ती असलेल्या गावात कोणाचे नाव कोणत्या रांगेत, यावर गाव उसवूही शकते आणि शिवलेही जाऊ शकते. दोन टोळ्यांनी दोन नाटके लावायची, दोन पत्रके काढायची, असेही होते. तरी मंडळाला तिकिटे विकायची असतात आणि तिकिटे सगळ्या मोहल्ल्यांत विकायची तर सगळ्या मोहल्ल्यांतली नावे पत्रकात हवीत. हा व्यवहारी हिशेब आहे. त्यात उदारपणा असेल-नसेल, पण त्याच हिशेबाने ज्याच्या आजोबांना मांडवाच्या कडेला बसावे लागले, त्याचे नाव आज 'प्रमुख अतिथी'खाली छापले जाते आणि गावातली सगळी मुले ते वाचतात. छापलेले नाव मागे घेता येत नाही. पुढच्या वर्षी ते गाळले तर का गाळले, याचे उत्तर द्यावे लागते.

बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ सालच्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात मांडले की राष्ट्र ही कल्पनेत उभी राहिलेली बिरादरी आहे आणि ती उभी करण्यात छपाईचा मोठा वाटा आहे. एकाच सकाळी हजारो अनोळखी माणसे तेच वृत्तपत्र वाचतात, एकमेकांना कधी न भेटता 'आपण' म्हणू लागतात. वृत्तपत्राबद्दल हे खरे आहे. नाटकाच्या पत्रकाबद्दल वेगळेच घडते. त्याचे वाचक एकमेकांना भेटतात. पत्रकात छापलेल्या रात्री, छापलेल्या जागी, दहा गावांची माणसे चादरी-घोंगड्या घेऊन एकाच मांडवात बसतात आणि पहाटेपर्यंत एकाच गोष्टीला हसतात, रडतात. वाचण्यातून जुळलेले नाते त्या रात्री डोळ्यांसमोर येते. पत्रकावर छापलेला नट आला नाही तर हेच लोक मंडळाला जाब विचारतात. पत्रक हा त्यांच्या लेखी करार असतो, आणि तो मोडला की सामुदायिक रागही दिसतो. छापील शब्दाने माणसे जोडली म्हणजे ती नुसती गोड झाली असे नव्हे. त्यांना एकत्र मागणी करता आली.

वृत्तपत्रांचे काम याहून वेगळे होते, आणि पूर्व विदर्भात ते मोठ्या प्रमाणावर नागपुरातून झाले. १९११ साली तिथे 'हितवाद' निघाला, १९१४ साली गोपाळराव ओगले यांचा 'महाराष्ट्र'. पण याच काळात त्याच शहरात एक लहान छापखाना उभा राहिला होता, आणि पूर्व विदर्भातल्या तळच्या माणसाच्या दृष्टीने त्याचे मोल यांच्यापेक्षा कमी नाही. तो मोहप्याचे किसन फागोजी बनसोडे (१८७९–१९४६) यांचा. त्यांनी १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ साली 'विटाळ विध्वंसक', १९१८ साली 'मजूर पत्रिका' आणि १९३१ साली 'चोखामेळा' अशी पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याने स्वतः खिळे हाताळून 'विटाळ विध्वंसक' हे शीर्षक छापावे, यात केवढे धैर्य होते! ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात घेतली नव्हती. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', आणि १९५६ साली 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांच्या बौद्ध धर्मांतराची तारीख जाहीर झाली. १४ ऑक्टोबरला नागपूर आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. लाखो माणसे ठरल्या दिवशी ठरल्या जागी पांढऱ्या वस्त्रांत पोहोचली, त्यात छापील बातमीचा आणि ती न वाचणाऱ्यांना वाचून दाखवणाऱ्यांचा वाटा आहे. चौकात एकाने वाचायचे आणि वीसजणांनी ऐकायचे, ही पद्धत या पट्ट्यात वृत्तपत्राला तशी पत्रकालाही लागू होती. त्यामुळे किती लोकांना वाचता येत होते, या आकड्यावरून छपाईचा पल्ला मोजता येत नाही.

१९७१ साली नागपुरातून 'लोकमत' दैनिक सुरू झाले, पुढे जिल्ह्यांच्या पुरवण्या आल्या आणि तालुक्याचा वार्ताहर हा माणूस गावाला ओळखीचा झाला. पत्रकातला कार्यक्रम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरवणीत बातमी होऊन येतो : 'उद्घाटक म्हणून अमुक, अध्यक्षस्थानी तमुक'. बातमी जवळजवळ पत्रकाचीच नक्कल असते. शहरातल्या वाचकाला ती कंटाळवाणी वाटेल. पण गडचिरोली म्हटले की चकमक, भूसुरुंग आणि कुपोषण एवढेच छापून येत होते, त्या वर्षांत आपल्या गावात नाटक झाले आणि अमुक बाईंनी फीत कापली, हे वाचायला मिळणे जिल्ह्याच्या स्वाभिमानाला आवश्यक होते, असे मी मानतो.

कारण याच जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारची पत्रकेही निघाली. माओवाद्यांचे बंदचे आवाहन, झाडाला बांधलेला कापडी फलक, खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसाशेजारी टाकलेला कागद. त्यांना उत्तर देणारी पोलिसांची पत्रके वेगळी. कितीतरी वर्षे इथे सकाळी रस्त्यावर कागद दिसला की तो उचलावा की नाही, असा विचार माणसाच्या मनात येई. अशा मुलखात लोक ज्या कागदाकडे न भिता धावतात, तो नाटकाचा. कागदाने माणसे जोडलीच पाहिजेत असा नियम नाही. तो घाबरवतो, वेगळे पाडतो. कोण छापतो आणि कोणाच्या नावाने छापतो, यावर सगळे ठरते.

आणि तो कागद येतो कुठून? वडशावरून जाणारी रेल्वे ज्या बल्लारशाला पोहोचते, तिथे लागूनच बल्लारपूरची कागद गिरणी आहे. १९४५ साली थापरांनी स्थापन केलेली ही कंपनी १९७५ साली बल्लारपूर इंडस्ट्रीज झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तिच्या पोटात गेला. देशभरच्या वह्यांचा, पुस्तकांचा कागद या जंगलाने पुरवला. बांबू तोडणाऱ्याला मात्र नुसती मजुरी मिळाली आणि स्वतःच्या घराच्या कुडासाठी बांबू आणायचा तर परवानगीची धास्ती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे उलटे करून दाखवले. २००९ साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबू वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मला हा प्रसंग छपाईच्याही इतिहासातला वाटतो. एक छापील पावती पुस्तक, त्यातल्या कोऱ्या जागा भरायचा अधिकार वनखात्याकडून गावाकडे आला. गावचे नेते देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांची कित्येक वर्षांची अभ्यासबैठक त्या पुस्तकामागे होती.

पण पत्रकाने ज्यांना जोडले नाही, त्यांचे काय? पहिली गोष्ट बोलीची. झाडीपट्टी झाडीबोली बोलते. तिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही. पत्रक मात्र पुण्याच्या मराठीत. नाटकातही नायक-नायिका प्रमाण भाषेत बोलत आणि घरची बोली अनेकदा विनोदी पात्राच्या वाट्याला येई. म्हणजे ज्या कागदाने चार जिल्ह्यांचा प्रेक्षक एक केला, त्यानेच त्या प्रेक्षकाला सांगितले की तुझे बोलणे छापण्याजोगे नाही. हे दुखणे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ओळखले. त्यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, दंडारीवर लिहिले, शब्दकोश केला आणि झाडीबोली साहित्य मंडळाच्या संमेलनांतून शिक्षक, शेतकरी, गृहिणी आपल्या बोलीत लिहू आणि छापू लागले. त्यांची पुस्तके बहुतेक पातळ, स्वखर्चाने, जवळच्याच छापखान्यात काढलेली. त्यातली प्रत्येक कविता चांगली आहे असे कोणी म्हणणार नाही. पण घरात बोललेला शब्द छापून आला की बोलणाऱ्याची मान वर होते, आणि हे काम दुसऱ्या कोणाच्या भाषेत होण्यासारखे नव्हते.

दुसरी गोष्ट गोंडीची आणि माडियाची. वडशाहून दक्षिणेला, एटापल्ली-भामरागडकडे जावे तसतसे मराठी पत्रक परके होत जाते. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. संगणकांच्या जागतिक लिपीसंचात तिला स्थान मिळायला २०१७ साल उजाडले. एका शतकाचा हा काळ. त्या शतकात गोंडीच्या छपाईत जे थोडेफार झाले, त्यात देवनागरीचाच आधार घ्यावा लागला. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी व्याकरण, कोश, पुनेमाची म्हणजे गोंडी धर्माची पुस्तके लिहून काढली, पण ती गावोगाव पोहोचवणारे वडशासारखे ठाणे गोंडीला मिळाले नाही. छपाई जिथे थांबली, तिथे गडचिरोली जिल्हा अजूनही दोन जिल्ह्यांसारखा आहे.

आजचे पत्रक संगणकावर जुळते, ऑफसेटवर निघते. नट-नट्यांचे रंगीत चेहरे छापले जातात आणि चौकात कापडी फलकाऐवजी फ्लेक्स लागतो. ट्रेडल कुठे पावती पुस्तकांवर नंबर टाकायला आणि चिरे पाडायला उरले आहे, कुठे भंगारात गेले. मार्च २०२० च्या टाळेबंदीने चालू हंगाम मध्येच तोडला, तेव्हा कलावंतांच्या हालअपेष्टांची चर्चा झाली. त्यांच्यासोबत मंडपवाले, दिवेवाले आणि छापखानेही बसले होते. शंकरपटावर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली. या मधल्या वर्षांत पटाच्या पत्रकांवर गदा आली आणि पटासोबतच्या नाटकांनाही त्याची झळ लागली. आता पत्रकाचे छायाचित्र आधी मोबाइलवर फिरते. तरी छापील प्रत निघते. ती हातात घेऊन पाहुण्याच्या घरी गेल्याशिवाय आमंत्रण झाले, असे इथे कोणी मानत नाही. फोनवरचे चित्र सगळ्यांना सारखेच पोहोचते. हातात दिलेला कागद कोणी आणून दिला, हे लक्षात राहते.

१८६७ च्या छपाईविषयक कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि गाव देणे बंधनकारक होते. इंग्रजांनी ते पाळतीसाठी केले. आपल्याला मात्र त्या मुंगीएवढ्या ओळीने नकाशा दिला : कोणत्या गावचे नाटक कोणत्या गावी छापले गेले, कोणत्या साली वडशाचा घेर कुठवर होता, हे त्या ओळीवरून काढता येते. १ मार्च २०२४ पासून तो कायदा गेला. नव्या कायद्याचा रोख नियतकालिकांवर आहे. निवडणुकीची पत्रके वगळता बाकी चिटोऱ्यांना आता मुद्रकाची ओळ न छापताही चालेल. पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा कायदा १९५४ पासून आहे, पण पत्रकाला कोणतेच ग्रंथालय मागत नाही. हंगाम संपला की ती पुड्या बांधायला जातात, पावसात भिंतीवरून गळतात, आणि त्या स्वस्त कागदाचे वयही फार नसते.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, तालुक्यांना अनुदानित सार्वजनिक वाचनालये आहेत, वडशात कंपन्यांच्या कार्यालयांत आणि छापखान्यांच्या माळ्यांवर जुने गठ्ठे असण्याची शक्यता आहे. प्रत्येक पत्रकाच्या दोन प्रती बाजूला काढायच्या, मागे पेन्सिलीने साल लिहायचे (पत्रकावर तारीख आणि वार असतो, साल पुष्कळदा नसते) आणि तालुकावार फायलीत लावायच्या. एका हंगामात शेकडो गावांची, हजारो नावांची नोंद त्यातून उभी राहील, आणि नावांच्या रांगा वर्षावर्षांनी शेजारी मांडल्या की झाडीपट्टीत कोण कधी वर आले, हे गावागणिक वाचता येईल. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मुद्रकाला प्रत मागावी लागेल, एवढेच. आणि या दिवाळीच्या आत मागितली तर हा हंगाम हाती लागेल.